आधी पाट, मग चर्च: शाळेच्या मैदानात टेक्सासचा सीमाप्रांत मांडायचा तर

साकोलीकडच्या एका गावात मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. वसाहतवादाच्या धड्यात स्पेन आला की कोलंबस, मेक्सिकोचं सोनं, पेरूची चांदी आणि तास संपल्याची घंटा. स्पेनचं राज्य ज्या टोकाला विरत गेलं, जिथे राजाचा कागद पोचला होता पण राजाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या मुलखाकडे कोणी फिरकतच नाही. अठराव्या शतकातला टेक्सास तसा होता. स्पेन म्हणे आमचा, फ्रान्स म्हणे आमचा, आणि प्रत्यक्ष राहत होते कॅडो, अपाची, कोमांची आणि कितीतरी लहान टोळ्या. हा मुलूख मी दर हिवाळ्यात मैदानावर मांडतो. कुणाला आपल्या शाळेत करायचं असेल तर पद्धत सांगतो.

एक अट आधीच घालतो. चर्चपासून सुरुवात करायची नाही. पोट्टे हमखास म्हणतात, "सर, चर्च पयले बनवू ना!" थर्माकोलचं चर्च, वर क्रॉस, पुढे पुठ्ठ्याचे घोडेस्वार असं मॉडेल प्रदर्शनात बक्षीस घेऊन जातं, पण मिशन (स्थानिक लोकांना ख्रिस्ती करून कामाला लावणारी पाद्र्यांची वस्ती) चालायचं कशावर हे त्यातून कळत नाही. सॅन अँटोनिओत कन्सेप्सिऑन हे मिशन आलं १७३१ मध्ये आणि त्याचं दगडी चर्च पुरं झालं १७५५ मध्ये. मधल्या काळात पाद्री आणि त्यांची माणसं काय करत होती? पाट खणत होती, मका पिकवत होती, कोठ्या भरत होती. आपणही त्याच क्रमाने जायचं.

साहित्य गावातच मिळतं: चुना, लांब दोर, दोन फावडी, सब्बल, चार-पाच घमेली, बांबूच्या कमच्या, तनस, थोड्या विटा, पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला हातभर तुकडा, मिस्त्रीची पाण्याची लेव्हल-नळी आणि दोन पायल्या लाखोळी (लाखेच्या डाळीचे दाणे). लाखोळी कशाला, ते पुढे सांगतो. धानाची मळणी आटोपली की डिसेंबरात हे काम काढा. उन्हाळ्यात माती दगड होते आणि पावसाळ्यात टेक्सास वैनगंगेला जाऊन मिळतो.

पहिल्या दिवशी फावड्याला हात लावायचा नाही, फक्त चालायचं. मैदानाच्या मध्याच्या जरा उत्तरेला एक खुंटी ठोका, ते सॅन अँटोनिओ. एक पाऊल म्हणजे ५० किलोमीटर धरा आणि चाललेल्या वाटांवर दोर टाकत जा. आता खुंटीपासून दक्षिणेला बावीस पावलं जा आणि एक पाऊल पश्चिमेला सरका, तिथे मेक्सिको शहर, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीची, व्हाइसरॉयची, कचेरी. नैर्ऋत्येला, पश्चिमेकडे चार आणि दक्षिणेकडे अडीच पावलांवर, रिओ ग्रांदे नदीकाठचं सॅन ह्वान बाउतिस्ता; टेक्सासात शिरायचा दरवाजा तो. पूर्वेला दहा आणि मग उत्तरेला पाच पावलं गेलं की लोस आदाएस, आजच्या लुइझियानात. त्याच्या पुढे अर्ध्या पावलावर फ्रेंचांचं नॅकिटश. प्रत्येक जागी एकेक पोरगं उभं करा आणि मेक्सिको शहरातल्या पोराकडून लोस आदाएसच्या पोराला चिठ्ठी पाठवा. चिठ्ठी नेणाऱ्यानं मध्ये सॅन अँटोनिओला थांबायचं, प्रत्येक पावलाला दहा आकडे मोजायचे. बाकीची पोरं कंटाळून ओरडायला लागतात. लागू द्या. लोस आदाएसच्या सैनिकाला पगार, कापड, काडतुसं याच वाटेनं यायची आणि शत्रू मात्र अर्ध्या पावलावर राहत होता. त्या शत्रूशी व्यापार करू नका असा राजाचा हुकूम होता, आणि तरी मका-शेंगा ते त्याच्याकडूनच घेत. काऊन घेत, हे मैदानात उभ्या पोराला विचारा. पुस्तक न वाचता बरोबर सांगतो.

दोर अजून उचलू नका. स्पेन इथे आलाच कशाला, ते याच नकाशावर दाखवून टाका. खुंटीपासून पूर्वेला साधारण तीन, दक्षिणेला एक पाऊल: समुद्रकाठाजवळची जागा. इथे १६८५ मध्ये ला साल नावाच्या फ्रेंच माणसानं वस्ती टाकली. त्याचं गलबत फुटलं, माणसं मेली, त्याला त्याच्याच साथीदारांनी १६८७ मध्ये मारलं. पण फ्रेंच आलेत ही बातमीच मेक्सिकोत पुरेशी होती. अलोन्सो दे लेऑन हा स्पॅनिश अधिकारी शोध घेत घेत १६८९ मध्ये तिथे पोचला तेव्हा नुसते अवशेष होते. पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी पूर्वेकडे कॅडो लोकांत पहिलं मिशन घातलं आणि १६९३ मध्ये ते स्वतःच जाळून पळाले. साथीच्या रोगानं कॅडोंची माणसं पटापट मेली होती. बाप्तिस्म्याचं पाणीच मारतं अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी पाद्र्यांना निघून जायला सांगितलं.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या मांडणीचा कणा हाच आहे. कॅडोंकडे स्वतःची शेती होती, मक्याच्या कणग्या भरलेल्या होत्या, आणि पुढे फ्रेंचांकडून बंदुकाही मिळू लागल्या. १७१६ मध्ये स्पॅनिश पुन्हा आले, १७२१ मध्ये टेक्सासचा गव्हर्नर असलेल्या आग्वायोच्या मार्क्विसनं लोस आदाएसला १०० सैनिकांचा किल्ला बांधला, पण कॅडो काही मिशनच्या आवारात राहायला आले नाहीत. ज्याच्या घरी धान आहे तो दुसऱ्याच्या कोठीसमोर रांग लावत नाही. ही गोष्ट फळ्यावर लिहू नका, नकाशावर दाखवा: कॅडो झालेल्या पोराच्या ओंजळीत लाखोळी द्या, पाद्री झालेल्याला म्हणा, आता याला बोलाव.

(कोंबड्यांची लढाई सांगायला विसरू नका. १७१९ मध्ये युरोपात स्पेन-फ्रान्स युद्ध पेटलं, तेव्हा नॅकिटशहून ब्लाँडेल हा फ्रेंच अधिकारी सात माणसं घेऊन लोस आदाएसच्या मिशनवर चालून आला. तिथे होते एक धर्मबंधू आणि एक सैनिक. फ्रेंचांनी कोंबड्या पकडून खोगिराला बांधल्या, त्यांच्या फडफडाटानं घोडा बिथरला, साहेब खाली, आणि त्या गोंधळात धर्मबंधू निसटला. तो जी आवई घेऊन गेला तिच्यापायी पूर्वेकडची सगळी मिशनं रिकामी झाली. पोरं दोन दिवस हसतात, पण १७१९ साल जन्मभर लक्षात राहतं.)

दुसऱ्या दिवसापासून माती. आता मापं बदलतात: एक हात म्हणजे एक किलोमीटर. वीसेक फूट लांब जागा लागेल, आणि उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे हवा. डोळ्यानं उतार ठरवू नका, बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. नदी खणा, चांगली वेडीवाकडी, कारण सॅन अँटोनिओ नदी तशीच आहे. वरच्या टोकाला, झऱ्यांजवळ, पूर्वेच्या काठावर वलेरो मिशन येईल. ओलिवारेस नावाच्या पाद्र्यानं १७१८ च्या १ मे रोजी ते स्थापन केलं. पश्चिम काठावर बेहारचा किल्ला, त्याच्या चार दिवस नंतरचा. त्याच्याच शेजारी १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून आलेल्या १६ कुटुंबांचं गाव. मग खाली उतरत जा, साधारण तीन-चार हातांवर एक: कन्सेप्सिऑन पूर्वेला, सॅन होसे पश्चिमेला, सॅन ह्वान पूर्वेला, एस्पादा पश्चिमेला. यातली कन्सेप्सिऑन, सॅन ह्वान आणि एस्पादा ही तिन्ही पूर्वेकडे कॅडोंच्या भागात चालली नाहीत म्हणून १७३१ मध्ये इथे हलवलेली. म्हणजे कालच्या दोराच्या नकाशावरून तीन पोरं उठून आजच्या मातीत येऊन बसतात. त्यांना खरोखरच चालवत आणा.

आता पाट. या कामाला अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही.

तिथे पाऊस बेभरवशाचा. नदीला पाणी आहे, पण नदी खोल आणि जमीन वर. मग करायचं काय? वरच्या अंगाला नदीत बांध घालून पाणी थोडं उचलायचं, पाटात काढायचं आणि तो पाट नदीपेक्षा कमी उतारानं चालवायचा. नदी उतरत जाते, पाट उंचच राहतो, आणि दोघांच्या मधली सगळी जमीन ओलिताखाली येते. आमच्या पोरांना यातलं निम्मं आधीच येतं. मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, सुटलेलं पाणी बांध्यांमधून कसं फिरवायचं, कुठे धुरा फोडायचा, हे त्यांनी आजाच्या मागे फिरून पाहिलेलं असतं. फरक इतकाच दाखवा की आपल्याकडे कोहळी मंडळींनी पाळ घालून पावसाचं पाणी साठवलं, तिथे वाहत्या नदीचं वळवलं.

पाटाचा उतार लेव्हल-नळीनं काढा. पाच हाताला एक बोट पुरे. जास्त दिलात तर पाणी माती खरवडतं, कमी दिलात तर मध्येच मुरून जातं. आपली मुरमाड माती पाणी पिते म्हणून पाटाला काळ्या मातीचा चिखल आतून चोपडा आणि रात्रभर वाळू द्या. सॅन अँटोनिओत असे सात पाट होते, मिळून सुमारे २४ किलोमीटर, आणि त्यांवर अंदाजे ३,५०० एकर भिजत होतं. पोरांना हा आकडा नुसता सांगू नका. आपल्या गावच्या तलावाखाली किती एकर येतं ते तलाठ्याकडून किंवा पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याकडून काढून आणायला लावा, मग दोन्ही शेजारी लिहा.

एस्पादाच्या पाटाला वाटेत एक ओढा आडवा येतो. पाट ओढ्यात सोडला तर उंची गेली, सगळं मुसळ केरात. म्हणून तिथे दोन कमानींवर दगडी पन्हळ बांधून पाणी ओढ्यावरून पलीकडे नेलं, १७४५ च्या सुमारास. आपली पाइपची चिरफाळी विटांच्या दोन कमानींवर ठेवायची, दोन्ही टोकांना चिखलानं सांधायचं. हा सांधा गळणारच. चिखलात बारीक कापलेली तनस आणि थोडं शेण घाला, गळती थांबते. खऱ्या एस्पादाची पन्हळ अजून उभी आहे आणि त्या पाटाला अजून पाणी आहे. २०१५ मध्ये ही मिशनं जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पाणी एकदा पलीकडे पोचलं की पोरं ओरडतात. त्या आनंदातच भांडण लावून द्या. पाटाखालच्या जमिनीचे वाफे आखा आणि गावकऱ्यांचे वाफे चिठ्ठ्या टाकून वाटा. कॅनरीवाल्यांनीही तसेच वाटून घेतले होते. पाण्याच्या पाळ्या ठरवा, तिथे पाळीला दुला म्हणत. मग वरच्या वाफेवाल्यानं पाळी संपली तरी बारं बंद केलं नाही, असं एका धीट पोरीला गुपचूप सांगून ठेवा. कॅनरीवाले आणि पाद्री यांचं वर्षानुवर्षं पटलं नाही: पाणी, पिकात शिरणारी गुरं, आणि मिशनमधले मजूर आम्हाला कामाला द्या ही गावकऱ्यांची मागणी, जी पाद्री धुडकावत. कागद थेट मेक्सिकोच्या व्हाइसरॉयपर्यंत गेले. बावीस पावलांवरच्या त्या पोराला निवाडा करायला लावा, आणि त्याला वाफे दिसू देऊ नका.

मिशनचं आवार एका गटाला एकच द्या. पाचही करत बसलात तर नाताळची सुट्टी संपेल. सॅन होसे घ्या, १७२० मध्ये अंतोनियो मार्गिल या पाद्र्यानं घातलेलं. चौकोनी तट, आणि तटाच्या आतल्या अंगाला लागून मिशनवासी कुटुंबांच्या खोल्यांची ओळ. एका बाजूला कोठी, चांगली मोठी. माग, सुतारशाळा, लोहाराची भट्टी. कापूस आणि लोकर तिथेच विणली जायची, म्हणून एका खोलीत थोडी सरकी ठेवा. सुरुवातीच्या भिंती कुडाच्याच करा: कमच्या रोवायच्या, मध्ये तनस विणायची, चिखल लिंपायचा. तिथेही सुरुवातीला खांब रोवून माती लिंपलेलीच घरं होती. तटाबाहेर शेत, आणि कुरण मात्र बरंच दूर; एस्पादाचं गुरांचं ठाणं तर एका दिवसाच्या वाटेवर होतं. चर्चची जागा चुन्यानं आखून ठेवा. ते शेवटच्या दिवशी, वेळ उरला तर.

आता लाखोळी. तटाबाहेर एक परात भरून ठेवा, आत रिकामी वाटी. परातीतले दाणे म्हणजे दक्षिण टेक्सासातल्या लहान-लहान टोळ्या. पुस्तकं त्यांना सरसकट कोआविल्तेकन म्हणतात, पण ती एक जात नव्हती आणि त्यांची भाषाही एक नव्हती. उत्तरेकडून घोड्यांवरचे अपाची रेटत होते, दक्षिणेकडून स्पॅनिश, आणि दोन्हींच्या आधी देवी-गोवर. रोज शिकारीवर आणि नागफणीच्या बोंडांवर जगणाऱ्या माणसाला भरलेली कोठी आणि तट दिसला तर तो आत येतो. एक मूठ वाटीत टाका. बदल्यात घंटेच्या ठोक्यावर उठायचं, प्रार्थना म्हणायची, पाट खणायचा, जुने नाच सोडायचे. नागफणी पिकली की काही जण पळतात. थोडे दाणे बाहेर. पाद्री सैनिक घेऊन जातो, समजावून किंवा धरून परत आणतो, दाणे आत. १७३९ मध्ये देवीची साथ आली: वाटीतले निम्म्याहून जास्त दाणे काढून खिशात घाला, ते परातीत परत टाकायचे नाहीत. मग परातीतून नवीन आणून वाटी भरा. दोन-तीन फेऱ्यांनी परातीचा तळ दिसायला लागतो. इथे मी काही बोलत नाही, बोलायची गरजही पडत नाही.

भूमिका कशा वाटायच्या, याबद्दल माझं मत ठाम आहे: सगळ्या चिठ्ठ्यांनी. आमच्या वर्गात गोंड, हलबा, कोहळी, पोवार, कुणबी, बौद्ध अशी सगळी पोरं आहेत. शिक्षकानं सहज म्हणून नेमलं तरी गोंडाचं पोरगं दरवेळी "आदिवासी" आणि पाटलाचं दरवेळी "गव्हर्नर" होतं. कोंबडीची पिसं डोक्याला लावणं, तोंडावर हात मारून आरोळ्या ठोकणं मी चालू देत नाही. मिशनमधल्या लोकांचे स्वतःचे निवडलेले गव्हर्नर आणि अल्काल्दे (न्यायनिवाडा करणारे मुखिया) असायचे, त्या भूमिकाही चिठ्ठीत घाला.

शेवटचा मोठा प्रसंग दोराच्या नकाशावर. अपाचींवर कोमांचींचा दाब वाढला तेव्हा त्यांनी स्पॅनिशांशी जुळवून घेतलं. १७४९ मध्ये सॅन अँटोनिओच्या चौकात एक जिवंत घोडा, कुऱ्हाड, भाला आणि बाण खड्ड्यात पुरून तह झाला. मग अपाचींना मिशन हवं अशी हवा उठली. खुंटीपासून उत्तरेला तीन, पश्चिमेला अडीच पावलं: सॅन साबा, १७५७. पैसा पाचुकाच्या चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या पेद्रो रोमेरो दे तेरेरोसचा, प्रमुख पाद्री त्याचाच चुलतभाऊ अलोन्सो. सैनिकांच्या संगतीनं अपाची बिघडतील म्हणून किल्ला मिशनपासून पाच-सहा किलोमीटर लांब ठेवला. अपाची हजारोंनी आले, बघितलं, आणि रानम्हशींच्या शिकारीला निघून गेले. एकानंही मुक्काम ठोकला नाही. १६ मार्च १७५८ ला कोमांची आणि त्यांचे मित्र सुमारे २,००० जण आले. काहींच्या हातात फ्रेंच बंदुका. पाद्र्यांनी भेटवस्तू वाटून पाहिल्या. तेरेरोस मारला गेला, मिशन जळालं, किल्ल्यातून कुणाला काही करता आलं नाही. पुढच्या वर्षी कर्नल ओर्तीस पार्रिया बदला घ्यायला पाचशेवर माणसं घेऊन निघाला आणि उत्तरेला दहा, पूर्वेला दोन पावलांवर, रेड नदीकाठी, तावोवाया लोकांच्या तटबंद गावासमोर हरला. तोफा तिथेच टाकून परतला. या गावाभोवती मका-भोपळ्याची शेतं होती, हे पोरांकडून वदवून घ्या. कॅडोंपासून सुरू झालेला हिशेब इथे जुळतो.

मांडणी मोडायची तीही इतिहासाच्या क्रमानं. १७६३ च्या तहानंतर लुइझियाना स्पेनकडे आलं. आता नॅकिटशच्या पोराला फ्रेंच झेंडा खाली घ्यायला लावा. शत्रूच उरला नाही, मग लोस आदाएस कशाला पोसायचं? राजाचा अधिकारी मार्क्विस रुबी यानं पाहणी करून सीमा मागे घ्यायला सांगितलं आणि १७७३ मध्ये तिथल्या कुटुंबांना पिकं शेतात सोडून सॅन अँटोनिओला हाकललं. त्यातलेच बरेच जण १७७९ मध्ये परत पूर्वेला जाऊन नाकोदोचेसला राहिले. त्या पोरांना परत चालवा. १७९३-९४ मध्ये सॅन अँटोनिओची मिशनं पाद्र्यांच्या संस्थेकडून काढली, जमिनी उरलेल्या कुटुंबांना वाटल्या. लाखोळीचे उरलेले दाणे वाफ्यांत वाटून टाका. वलेरोच्या आवारात पुढे फौज राहायला आली आणि तिच्यावरून त्या जागेला अलामो म्हणू लागले. १८३६ ची लढाई पोरांनी मोबाइलवर पाहिलेली असते, तिला दोन मिनिटं पुरेत.

तोंडी परीक्षा मैदानावरच, मांडणी पुरती मोडायच्या आधी घ्या. मी प्रत्येकाला एक जागा आणि एक साल देतो, उदाहरणार्थ लोस आदाएस, १७६४. तिथे उभं राहून सांगायचं की आज काय खाल्लं आणि ते आलं कुठून. प्रकल्पवहीत मापासह पाटाचा नकाशा हवा, नेटवरून छापलेला चर्चचा फोटो चिकटवला तर दोन गुण कापतो. आणि सब्बल, फावडी कुणाच्या घरून आली ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नाहीतर ती परत करताना वेगळाच सीमावाद उभा राहतो.